नाईट करून आलेल्या सिस्टरची झोप

नाईट करून आलेल्या सिस्टरला सकाळी अकराला फोन करू नका. पत्रिका द्यायलाही जाऊ नका. आज एवढंच सांगायला लिहितेय, आणि चिडूनच लिहितेय.

मी नाशिकमध्ये खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. आमची नाईट रात्री आठ ते सकाळी आठ, म्हणजे कागदावर. हँडओव्हर देऊन, चार्ट पुरे करून निघेपर्यंत नऊ होतात. मग पेंगुळलेल्या डोळ्यांनी द्वारकेच्या ट्रॅफिकमधून गाडी काढायची.

राहते सिडकोत. आमच्या गल्लीतली निम्मी घरं अंबड-सातपूरच्या कंपन्यांवर चालतात. कुणाचा नवरा थर्ड शिफ्ट करून आला की घरात टीव्ही बंद, पोरं बाहेर. "पप्पा नाईट करून आलेत" एवढं म्हटलं की शेजारचेही आवाज कमी करतात. चांगलंच आहे, असंच असावं. पण त्याच गल्लीतली सून सिस्टर असली तर? ती येते तेव्हा रात्रीची भांडी तशीच पडलेली. मग मुलीच्या दुपारच्या शाळेचा डबा, सासऱ्यांना दवाखान्यात नेणं, दळण, गॅसवाला. "तू काय, दिवसभर घरीच असतेस ना!" हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कंपनीतल्या माणसाची झोप ती झोप आणि सिस्टरची झोप म्हणजे आळस?

दिवसाची झोप तशीही तोकडीच. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन वाढतं, उजेडात ते दबतं. शरीरातलं हे घड्याळ कसं चालतं ते उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे घड्याळ बिघडवणारी पाळीची कामं २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली. २०१९ च्या फेरआढाव्यातही रात्रपाळी त्याच गटात राहिली. म्हणून प्रत्येकीला कॅन्सर होईल असं नाही. पण ॲसिडिटी, वाढतं वजन, मागेपुढे होणारी मासिक पाळी, कारण नसताना लेकरावर ओरडणं, हे माझ्या बहुतेक मैत्रिणींना चुकलेलं नाही.

आणि हा फक्त आमचा प्रश्न नाही. पहाटे चारच्या सुमाराला शरीर सगळ्यात मंद असतं. नेमकं त्यानंतरच सकाळची सॅम्पल्स, इन्शुलिन, अँटिबायोटिकचे डोस सुरू होतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. रात्री आमच्याकडे एकीवर अख्खा वॉर्ड असतो. तुमच्या आईच्या सलाईनमध्ये औषध भरणारी बाई आदल्या दिवशी झोपली होती का, हे तुम्ही विचारायला हवं.

हॉस्पिटलवाल्यांना माझं म्हणणं सरळ आहे. ज्या सकाळी आम्ही नाईट संपवून घरी येतो, तोच दिवस 'ऑफ' म्हणून धरणं बंद करा. तो ऑफ नाही, तो त्याच ड्युटीचा उरलेला भाग आहे. नाईटनंतर दुपारी ट्रेनिंग, मीटिंग ठेवू नका. आज नाईट उतरली की उद्या मॉर्निंग, अशी ड्युटी लिस्ट लावू नका. परिचारिकांना पदव्या देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. नाशिकच्या ड्युटी लिस्टचा अभ्यास त्यांनीच हाती घ्यावा.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. घाट, रस्ते, पूल यांच्या बैठका चालू आहेत. गर्दीच्या रात्री वॉर्डात कोण उभं राहणार आणि दुसऱ्या दिवशी त्या झोपणार कधी, हे त्याच बैठकांत आत्ताच ठरवा.