छातीवरचा व्रण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशोच्या 'विदिन अवर गेट्स' (१९२०) या मूकपटावरचा माझा लेख तुम्हाला फाजील कौतुक वाटला. कथा विस्कळीत आहे, व्रणावरून बापाला मुलगी ओळखू येते हा योगायोग बाळबोध आहे आणि दिग्दर्शक कृष्णवर्णीय नसता तर आज हा सिनेमा कुणी पाहिलाही नसता, असं तुमचं म्हणणं.

विस्कळीतपणाचं आधी. मिशोच्या हातून निघालेली प्रत आपण पाहतच नाही. सिनेमा कित्येक दशकं हरवला होता. स्पेनमध्ये 'ला नेग्रा' नावाने एक प्रत सापडली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, लायब्ररी ऑफ काँग्रेसने, १९९३ मध्ये ती दुरुस्त केली. दृश्यांमध्ये येणाऱ्या संवादांच्या पाट्यांवरचा बहुतेक मजकूर स्पॅनिशवरून पुन्हा इंग्रजीत आणलेला, मधला एक तुकडा गहाळ. शिवाय १९१९ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या वांशिक दंगलीत ३८ माणसं मेली होती, म्हणून तिथल्या सेन्सॉरने सिनेमा आधी अडवलाच. पुढेही ठिकठिकाणी कात्री लागली. सांधे खिळखिळे दिसतात, त्याचं खापर एकट्या मिशोवर फोडू नका.

योगायोगाबद्दल मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही. दिग्दर्शक ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या सिनेमाने १९१५ मध्ये गोऱ्या मुलीच्या मागे लागलेला काळा पुरुष देशभर दाखवला. मिशोने ते चित्रच उलटं केलं. इकडे गोरा जमाव नायिका सिल्व्हियाला वाढवणाऱ्या काळ्या लँड्री नवरा-बायकोला फासावर चढवतोय, होळी पेटवतोय, त्या गर्दीत बायका-मुलंही आहेत. तिकडे घरात गोरा ग्रिडलस्टोन सिल्व्हियावर झडप घालतो. झटापटीत तिच्या छातीवरचा व्रण उघडा पडतो आणि त्याचा हात थबकतो. ती त्याचीच मुलगी आहे. गोऱ्या मालकांना काळ्या बायकांपासून झालेली मुलं दक्षिणेतल्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढली. अशा घरात बाप समोर येणं ही रोजची शक्यता होती, मिशोने ती पडद्यावर आणली.

रचना कच्ची म्हणता, तर एफ्रेमचा भाग पाहा. ग्रिडलस्टोनच्या भावाचा खून खिडकीतून गोळी झाडून एका गरीब गोऱ्याने केलेला आपण बघतो. त्यांचा काळा नोकर एफ्रेम मात्र धावत जाऊन लँड्रीचं नाव सांगतो, गोरे आपलेच आहेत या भरवशावर. लँड्री लगेच हाती लागत नाही म्हटल्यावर जमाव एफ्रेमलाच लटकवतो. मग वर्तमानपत्राची बातमी येते आणि मिशो ती खोटी हकीकतही प्रसंग म्हणून चित्रित करतो: दारू प्यालेला, खुनशी लँड्री. खरं आणि छापलेलं एकाच पडद्यावर, पाठोपाठ. १९२० मध्ये हे करणाऱ्याला मी कच्चा म्हणणार नाही.

सिल्व्हियावर प्रेम करणाऱ्या डॉ. व्हिव्हियनचं शेवटचं देशभक्तीचं भाषण लांबतं, हे मलाही पटतं. पण क्यूबा, मेक्सिको, फ्रान्समध्ये लढलेल्या काळ्या सैनिकांची आठवण करून देणं तेव्हा गरजेचंच होतं.

राहिला कातडीच्या रंगाचा मुद्दा. मिशोने स्वतःच्या कादंबऱ्या दारोदार विकल्या, शेतकऱ्यांना शेअर विकून सिनेमाचं भांडवल उभं केलं. कुठल्याच मोठ्या स्टुडिओचं दार त्याच्यासाठी उघडं नव्हतं. त्याचा 'बॉडी अँड सोल' (१९२५) जरूर पाहा, त्यात गायक-नट पॉल रोब्सन दुहेरी भूमिकेत आहे. पाहून झालं की इथेच लिहा.