कॅटलॉगमधले घर आणि बेसाचा प्लॉट

बेसा येथील आमच्या प्लॉटवर घर कसे बांधावे, यावरून नागपुरात आमच्या घरी जो वाद काही महिन्यांपासून रंगला आहे, त्यात माझे नाव न विचारता साक्षीदार म्हणून घेतले जाते आणि मला राग येतो तो याचा. धाकट्या भावाला आर्किटेक्टकडून, आपल्या गरजा सांगून आखून घेतलेले घर हवे आहे. भाऊजी म्हणतात की प्लॉट विकावा आणि वर्धा रोडवरच्या एखाद्या स्कीममध्ये तयार डुप्लेक्स घेऊन मोकळे व्हावे. त्यांना उत्तर म्हणून भावाने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिले, "परदेशात कोणी असले ठशातले घर घेत नाही, हवे तर दादाला विचारा. तिकडे ज्याला त्याला मनासारखे डिझाइन करून मिळते. एकसारखी खुराडी फक्त आपल्याकडे." दादा म्हणजे मी, आणि मला कोणीही विचारलेले नव्हते. विचारले असते तर सांगितले असते की मेलबर्नच्या पश्चिमेला, टारनीटमध्ये, मी ज्या घरात राहतो त्याचा नकाशा एका गुळगुळीत कॅटलॉगमध्ये छापलेला होता आणि तोच नकाशा माझ्याच रस्त्यावर आणखी दोन ठिकाणी उभा आहे, त्यांपैकी एका ठिकाणी डावे-उजवे उलटवून.

इथे नवे घर बांधू पाहणारा सामान्य नोकरदार रविवारी डिस्प्ले व्हिलेजमध्ये जातो, चार-सहा कंपन्यांची सजवलेली नमुना घरे फिरतो आणि संध्याकाळपर्यंत एखाद्या नकाशावर येऊन ठेपतो. मग दर्शनी भागाचे ठरलेले पर्याय, छताची उंची, ओट्याचा दगड, नळ, विजेचे पॉइंट असे सगळे कंपनीच्या दालनात बसून निवडायचे, आणि नमुना घरात जे जे आवडले होते त्यातले बहुतेक मूळ किमतीत नव्हते हे त्या दिवशी कळते. भिंत दोन फूट सरकवायची म्हटले की आतापर्यंत हसतमुख असलेली सल्लागार गंभीर होते, कारण कंपनीचा सारा हिशोब नकाशा न बदलण्यावर उभा असतो: त्याच मापाच्या खिडक्या घाऊक भावात घेतलेल्या असतात, तीच फ्रेम कारखान्यातून कापून येते आणि सुताराने तेच घर आधी कित्येकदा बांधलेले असते. आर्किटेक्टकडून घर करून घेणारे लोक इथे नाहीत असे नाही, पण ते क्यू किंवा ब्रायटनसारख्या उपनगरांत राहतात, बांधकाम-खर्चाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास फी मोजू शकतात आणि घर पूर्ण होईपर्यंत दुसरीकडे निवांत थांबू शकतात. माझ्या ओळखीच्या मराठी मंडळींत असा एकही नाही. गणपतीत आम्ही एकमेकांकडे जातो तेव्हा हातपाय धुवायला कुठे जायचे हे विचारावे लागत नाही, इतकी घरे सारखी आहेत. आणि त्यावाचून कोणाचे काही अडल्याचे मला दिसलेले नाही.

‘खुराडी’ हा शब्द मला विशेष खटकला, कारण आम्ही दोघे भाऊ अजनीच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. रेल्वेचे क्वार्टर म्हणजे ठशातले घर नव्हे तर काय? साहेबांचा ठसा वेगळा, बाबूंचा वेगळा आणि गँगमनचा वेगळा, एवढाच फरक. एकाने व्हरांडा जाळीने बंद केला, दुसऱ्याने कूलर बसावा म्हणून खिडकीचे गज काढले, तिसऱ्याने मागच्या अंगणात विनापरवाना पत्र्याचे शेड ठोकले, आणि बदली झाली की पुढच्याने ते सगळे मोडून आपले सुरू केले. त्या घरांत आम्हाला व्यक्तिमत्त्व हरवल्याची जाणीव कधी झाली नाही. ती आता भावाला होते आहे, तीही न बांधलेल्या डुप्लेक्सकडे पाहून. घरे एकसारखी असल्याने माणसे एकसारखी होतात, हा आक्षेप मुख्यतः आर्किटेक्टची फी परवडू लागल्यावर सुचतो, असे माझे मत आहे.

मी ग्रुपवर ज्याचा अभिमानाने उल्लेख केला ती गोष्ट वेगळीच होती: पैसे कधी द्यायचे याची शिस्त. व्हिक्टोरिया राज्याच्या कायद्यानुसार झालेल्या माझ्या करारात सही करताना पाच टक्के अनामत होती, त्याहून जास्त घेण्याची बिल्डरला मुभाच नव्हती. पुढे पाया झाल्यावर दहा टक्के, फ्रेम उभी राहिल्यावर पंधरा, दारे-खिडक्या लागून घर कुलूपबंद करता आले की पस्तीस, आतले काम झाले की पंचवीस आणि किल्ली घेताना उरलेले दहा. पायाचे काँक्रीट ओतण्यापूर्वी आणि फ्रेम पूर्ण झाल्यावर स्वतंत्र तपासणी, बिल्डरने उतरवायचा सक्तीचा विमा, आणि बांधकामातील दोषांबाबत दहा वर्षे दाद मागण्याची सोय. आपल्याकडे ठेकेदार म्हणतो, "साहेब, सेंट्रिंगवाला बसून आहे, आज दोन लाख टाका," आणि आपण टाकतो.

यावर भावाने पोर्टर डेव्हिसची बातमी पाठवली. ही इथल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक, ३१ मार्च २०२३ रोजी दिवाळखोरीत गेली आणि सुमारे १,७०० कुटुंबांची घरे अर्धवट राहिली, आणखी शेकडो सुरूच झाली नाहीत. ठरावीक किमतीचे करार करून ठेवलेले आणि कोविडनंतर लाकूड-मजुरी वाढलेली, असे त्यामागचे गणित होते. घाऊक बांधकामाचा जो फायदा ग्राहकाला सांगितला जातो, तोच अशा वेळी कंपनीच्या गळ्याशी येतो, कारण प्रत्येक घरामागे होणारा तोटाही घाऊकच असतो. ज्यांनी अनामत भरली होती पण ज्यांचा विमा कंपनीने उतरवलाच नव्हता, त्यांना शेवटी राज्य सरकारने भरपाई दिली. मी भावाला हेच लिहिले की निदान सरकार पुढे तरी आले. त्याने विचारले की हप्त्यांचा तो कायदा व्हिक्टोरियात आर्किटेक्टच्या घराला लागू नाही का. लागू आहे. म्हणजे संरक्षण कॅटलॉगने दिले नव्हते, कराराने दिले होते, एवढा मुद्दा त्याच्या बाजूने गेला हे नोंदवून पुढे जातो.

भाऊजींनीही फार खूश होऊ नये. स्कीममधल्या घराला रेराचे, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचे, कवच आहे हा त्यांचा आवडता युक्तिवाद, आणि तो खोटा नाही: नोंदणीकृत विक्री करार होईपर्यंत दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांतील सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातील दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. परंतु जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरे आठपेक्षा अधिक नसतील तर नोंदणीची सक्ती नाही. एखादे-दोन प्लॉट जोडून चार-सहा डुप्लेक्सची रांग उभी करण्याचा जो प्रकार आहे, तो या सवलतीत अलगद बसतो. भाऊजींनी पाहिलेल्या स्कीमचा नोंदणी क्रमांक मी मागितला आहे; त्यांनी उत्तरादाखल स्विमिंग पूलचे छायाचित्र पाठवले.

आता मातीबद्दल, कारण यावर दोन्ही पक्ष गप्प आहेत आणि खरी जोखीम तिथेच आहे. नागपूरच्या पश्चिम-दक्षिणेकडचा काळा दगड आणि त्यावरची काळी माती ज्या प्रकारच्या लाव्ह्यातून झाली, तसाच बेसाल्ट मेलबर्नच्या पश्चिमेलाही पसरलेला आहे, आणि इथली चिकणमातीही पावसात फुगते व उन्हात भेगाळते. इथे दीर्घ दुष्काळाच्या वर्षांत कोरड्या मातीवर ‘वॉफल’ पद्धतीचे, म्हणजे जमिनीत न खोदता तिच्यावर टेकवलेले, स्लॅब सरसकट घातले गेले. पाऊस परतल्यावर कडेची माती फुगली, स्लॅब उचलले गेले आणि पश्चिमेकडच्या अनेक घरांच्या भिंती तडकल्या. नकाशा एकच असला तरी जमीन एक नसते, हे कॅटलॉगला कळत नाही. माझ्या प्लॉटखाली खडक लागला तेव्हा करारात ‘तात्पुरती रक्कम’ म्हणून अंदाजाने लिहिलेला आकडा फुगून जे बिल आले, त्याचा हिशोब कंपनीने मला कधीही समजेल अशा भाषेत दिला नाही. बेसाला जुना मिस्त्री मुरूम लागेपर्यंत खोदा म्हणतो, आणि मुरूम फार खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेल्या अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, मार्ग आहेच. आर्किटेक्टच्या सुंदर त्रिमितीय चित्रात यांतले काहीच दिसत नाही. भावाने मला आतापर्यंत अशी अकरा चित्रे पाठवली आहेत. माती परीक्षणाचा अहवाल एकही नाही.

उन्हाच्या बाबतीत मात्र भावाचे म्हणणे मला मान्य करावे लागते. माझ्या टारनीटच्या घरात बसण्या-उठण्याची जागा मागच्या बाजूला आहे आणि माझ्या प्लॉटची मागची बाजू दक्षिणेला येते. या गोलार्धात ऊन उत्तरेकडून मिळते, त्यामुळे जून-जुलैत दिवसाही हीटर चालतो. मागची बाजू उत्तरेला असलेले प्लॉट महाग होते, हे मला तेव्हाच ठाऊक होते. निदान इथे नकाशा ठरलेला असला तरी प्रत्यक्ष प्लॉटची दिशा धरून ऊर्जेचे तारांकन करावे लागते आणि मे २०२४ पासून राज्यात नव्या घराला सात तारे अनिवार्य आहेत. नागपुरात प्रश्न उलटा आणि कितीतरी कठोर आहे. २३ मे २०१३ रोजी जिथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकच डुप्लेक्स बांधायचा, म्हणजे अर्ध्या लोकांना दुपारभर पश्चिमेची भिंत तापवत बसायला सांगण्यासारखे आहे. कूलरचेही तसेच. कूलरला आत येणाऱ्या हवेइतकाच बाहेर जाणारा मार्ग लागतो. समोरच्या भिंतीला खिडकी नसेल तर नवतपात खोली गार न होता नुसती दमट होते. स्कीमचे नकाशे एसी गृहीत धरून काढलेले असतात आणि विजेचे बिल बिल्डर भरत नाही. शिवाय आईचे गुडघे दुखतात. डुप्लेक्समध्ये झोपायच्या खोल्या वर, म्हणजे ज्या घरासाठी तिचे नाव सारखे पुढे केले जाते, त्यात ती हॉलमधल्या दिवाणावर झोपणार.

मधला मार्ग नाही असे नाही. १९४७ मध्ये, युद्धानंतर घरांची टंचाई असताना, व्हिक्टोरियातील आर्किटेक्टांच्या संस्थेने ‘द एज’ या वृत्तपत्राच्या साहाय्याने स्मॉल होम्स सर्व्हिस सुरू केली आणि रॉबिन बॉइड या आर्किटेक्टकडे ती सोपवली. आर्किटेक्टने आखलेल्या लहान घराचा बांधकामास तयार नकाशा पाच पौंडांत मिळत असे. नागपूरच्या ले-आऊटमध्ये तीस बाय पन्नासचा प्लॉट इतका सर्रास आहे की याच एका मापासाठी पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे चार चांगले नकाशे नागपूर सुधार प्रन्यासाने किंवा आर्किटेक्टांनी मिळून उपलब्ध केले, तर हजारो घरांच्या खोल्यांत वारा खेळेल. भावाला ही कल्पना पटली नाही. त्याला आमचाच नकाशा हवा आहे, कोणाच्या तरी कामी येणारा नको.

इथवर लिहून झाल्यावर असे वाटते की मी ज्याच्यावर चिडतो आहे ते घर नाही. कॅटलॉगमधले घर मी निवडले तेव्हा या शहरात माझे कोणीही नव्हते. नागपुरात स्वतःचे घर बांधायचे म्हणजे स्लॅबवर पाणी मारायला मामा सकाळी सहाला हजर असतात, रेती कन्हानचीच आहे ना हे पाहायला शेजारचे काका उतरतात, आणि सळई कमी पडली तर दुकानदार ओळखीवर पाठवतो. मनासारखे घर बांधायला भोवती आपली माणसे लागतात. माझ्याकडे फक्त करार होता. म्हणून ज्या घरात कोणालाही काही समजावून सांगावे लागत नाही, ते मी घेतले. त्या घराचे हप्ते मी आजही फेडतो आहे, आणि पुढच्या खरेदीदाराला आवडणार नाही म्हणून दिवाणखान्याच्या भिंतीला अजून खिळादेखील ठोकलेला नाही.

याउलट भावाच्या आर्किटेक्टने पाठवलेल्या पहिल्या नकाशात वरच्या मजल्यावर एका चौकोनात ‘दादाची खोली’ असे लिहिलेले होते, आणि डिसेंबरात काही आठवडे वापरली जाणार असलेल्या त्या खोलीबद्दल मी जितकी लांबलचक टिपणे काढून पाठवली, तितकी टारनीटच्या साऱ्या घराबद्दल कधी काढली नव्हती. पुस्तकांच्या कपाटाची खोली, खिडकीची उंची, गच्चीकडे उघडणारे दार. परदेशातून नुसती मते पाठवणाऱ्या मंडळींचा मला तिटकारा आहे, आणि भाऊजींनी ग्रुपवर नेमके तेच सुचवले.

त्यामुळे आता मी मत न देता अटी कळवल्या आहेत. आधी माती परीक्षण. आईची खोली खाली, तिच्या न्हाणीघराला उंबरठा नाही. ठेकेदाराशी टप्प्यांचा लेखी करार, आगाऊ रक्कम पाच टक्के, आणि स्लॅब टाकण्यापूर्वी सळई तपासायला आर्किटेक्टच्या ओळखीचा नसलेला इंजिनिअर. माझा वाटा त्या टप्प्यांप्रमाणेच येईल, सेंट्रिंगवाला कितीही दिवस बसून असला तरी. भावाने सगळे मान्य केले. ‘दादाची खोली’ नकाशात पश्चिमेला आहे, ती पूर्वेला न्यावी असेही मी लिहिले होते; त्यावर आर्किटेक्टचे उत्तर आले की त्यासाठी जिना सरकवावा लागेल आणि सुधारित नकाशाची फी वेगळी पडेल. मी ती भरतो म्हणून कळवले आहे.