मिरजेत सगळं होतं, तरी दगड पडले

परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी धार्मिक सलोख्याचं उदाहरण म्हणून मिरजेचं नाव घेतलं. दर्गा, अब्दुल करीम खाँ, सतारमेकर गल्ली, सगळं आलं त्यात. मी मिरजेची, ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण मला २००९ आठवलं. तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहिते आहे. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

त्यांनी सांगितलेलं सगळं खरं आहे. ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात पहिल्या गलेफाचा, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीचा, मान चर्मकार समाजाचा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर याच दर्ग्यात आहे. उरुसात तिथे चिंचेच्या झाडाखाली रात्ररात्र गाणं चालतं. हिराबाई बडोदेकर, म्हणजे खाँसाहेबांची लेक, तिथे गायल्या. आणि आमचे सतारमेकर हे मूळचे शस्त्रांना धार लावणारे शिकलगार. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांतून ते तंबोरे घडवतात. पंढरीच्या वाटेवर वीणेकऱ्यांच्या गळ्यात असणाऱ्या कितीतरी वीणा या मुसलमान कारागिरांच्या हातच्या आहेत. हे ऐकतच मी मोठी झाले.

आणि याच गावात सप्टेंबर २००९ मध्ये, गणपतीत, एका स्वागत कमानीवरच्या अफजलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली. दगडफेक, जाळपोळ, मग संचारबंदी. विसर्जन अडलं. लोण सांगलीला गेलं, इचलकरंजीला गेलं, कोल्हापूरला गेलं. १३ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. त्यामुळे आजही कुणी विचारलं की आम्ही मिरजकर चटकन सांगतो, राजकारण्यांनी केलं. केलंच असेल. पण दगड मारणाऱ्यांतली चार पोरं मला नावानिशी माहीत होती. त्यांच्या मुंजी आणि सुंता आमच्याच गल्लीत झाल्या होत्या.

माझे वडील भजनी. त्या आठवड्यात त्यांचा तंबोरा जवारीसाठी, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद खुलवायला, सतारमेकर गल्लीत दिलेला होता. दुकान घरापासून पाच मिनिटांवर. दुकानाचे मालक चाचा आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, यांची ओळख तीस वर्षांची, चाचा आप्पांना बुवा म्हणायचे. संचारबंदीत आप्पा दिवसभर रेडिओपाशी बसून असायचे, पण त्यांनी चाचांना फोन केला नाही. चाचांचाही आला नाही. दुकानं उघडली तशी चाचा स्वतः तंबोरा घेऊन आले, म्हणाले, ‘बुवा, जवारी छान लागलीय, बघा.’ आप्पांनी तारा छेडून पाहिल्या, पैसे दिले. चहा झाला. झाल्या प्रकाराबद्दल दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. आई आतून हे बघत होती. ती रात्री म्हणाली, ‘तुम्ही दोघं घाबरला होतात, पण कुणाला ते मला कळलं नाही.’

इतिहास शिकवला की हे थांबेल असं म्हणणारे खूप भेटतात. मला पटत नाही. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता आणि महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. माहिती कमी पडली नव्हती. चित्र पुस्तकात असतं तेव्हा त्याला इतिहासच म्हणतात. कमान रस्त्यावर असते, तिच्याखालून सगळ्यांना जावं लागतं. रस्ता कुणाचा, हा झगडा त्या चित्राच्या आडून चालला होता. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात दंगल पेटायला कमानही लागली नाही, मोबाइलवरची स्टेटस पुरली.

हे आजचं नाही. पुण्यात एकेकाळी हिंदू मंडळी मोहरमच्या ताबुतांपुढे हौसेनं नाचत, नवस बोलत. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत मोठी दंगल झाली. पुढच्याच वर्षी टिळकांच्या पुढाकारानं पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, आणि मेळ्यांच्या, म्हणजे गणपतीपुढे गाणाऱ्या पथकांच्या, पदांतून ताबूत सोडा असं हिंदूंना सांगितलं जाऊ लागलं. त्याच साली मशिदीपुढे वाजवण्यावरून दारूवाला पुलाजवळ मारामारी झाली. गणपती माझं दैवत आहे, दहा दिवस घरी आरास मी करते, आणि त्या उत्सवानं लोकांना इंग्रजांपुढे उभं राहायला शिकवलं हेही मी मानते. पण एक मिरवणूक उभी राहताना दुसरीतली माणसं काढून घेतली गेली, हेही त्याच उत्सवाच्या इतिहासात आहे आणि ते आपण मंडपात कधी बोलत नाही.

आमच्याच जिल्ह्यातलं कडेगाव बघा. तिथले गगनचुंबी ताबूत बघायला लांबून लोक येतात. बांबू आणि सुताचे, आधी कळस बांधायचा आणि मग खाली यायचं. त्यातल्या कित्येक ताबुतांचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. मान म्हणजे काम: बांबू आणायचे, राबायचं, खांदा द्यायचा. तिथल्या पोरानं मोहरमच्या मिरवणुकीवर दगड उचलला, तर तो त्याच्या आजोबांनी बांधलेल्या ताबुतावर पडेल.

मिरजेत आम्ही श्रोते होतो. गाणं ऐकलं, तंबोरे विकत घेतले, पाहुण्यांना अभिमानानं दर्गा दाखवला. आमच्या मंडळाच्या पोरांना त्या सलोख्यात करायला काही कामच नव्हतं. कमानीवर मात्र होतं: वर्गणी, रोषणाई, रात्रभर जागरण. पलीकडच्या पोरांचंही तेच. ज्यानं त्यांना काम दिलं, त्याची ती झाली. धर्मच टाकून द्या म्हणणारे माझे मित्र आहेत, त्यांना मी हेच सांगते. गल्लीतल्या पोराचा धर्म सुटला तरी त्याला रात्री जागायला काहीतरी लागेलच, आणि ते कोण पुरवणार हा प्रश्न तसाच राहील.

आप्पा आता नाहीत, चाचाही गेले. तंबोरा माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात जवारीसाठी घेऊन गेले तेव्हा दुकानात चाचांचा मुलगा होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तोंड उघडून विचारलं, त्या आठवड्यात तुमच्या घरी काय चाललं होतं?

घोडीवरून हात न उचलता तो म्हणाला, ‘अब्बा फोनपासून हलायचेच नाहीत. म्हणायचे, बुवांचा फोन येईल.’