आजी स्वतः बाथरूमला जातात का?

कालपासूनचा हा चौथा फोन. चौथ्या वृद्धाश्रमातही तोच प्रश्न, "आजी स्वतः बाथरूमला जातात का?" नाही म्हटलं की पलीकडचा आवाज एकदम गोड होतो. "मग आपल्याकडे नाही जमणार हो, ताई."

अहो, स्वतः जात असती तर फोन कशाला केला असता?

आत्या ८१ वर्षांची. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी डिस्चार्ज. घरी नेल्यावर तिला उठवायचं-बसवायचं कुणी, हे त्या जाडजूड फायलीत कुठेच नव्हतं. लग्न न करता आम्हा तिघा भावंडांना वाढवलं तिनं. आज तिघंही नोकरीवर. "मग तुम्ही कशाला आहात?" असं विचारणाऱ्यांनी कृपया कमेंट करू नये, माझं डोकं ठिकाणावर नाही.

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना आपल्याकडे! कलम १९. जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम, त्यात किमान १५० निराधारांची सोय. पण राज्य सरकार तो स्थापन "करू शकेल". शकेल! करीलच असं नाही. आणि समजा केलेच, तरी ३६ जिल्हे गुणिले १५०, झाल्या ५४०० जागा. महाराष्ट्रात साठी उलटलेले २०११ च्या जनगणनेतच एक कोटीच्या वर होते. बरं, आत्याला पेन्शन आहे, म्हणजे ती निराधारही नाही. सरकारी यादीत बसत नाही, आणि पैसे मोजायची तयारी असून खासगीवाल्यांना नको. का? तर तोच प्रश्न.

मान्य, रात्रपाळीला मावश्या टिकत नाहीत, काही बरंवाईट झालं तर नातेवाईक अंगावर धावून जातात. म्हणूनच तर सरकारनं यात पडायला हवं ना! तालुक्याला निदान वीस खाटा, फक्त अंथरुणावरच्या माणसांसाठी, नर्ससकट. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हुरडा खाऊन झाला की मांडा एवढं एक विधेयक. त्यात "शकेल" तेवढं नको.

जरा जास्तच चिडून लिहितेय, कळतंय मला. काल रात्री दोन वाजता खुडखुड ऐकू आली. दिवा लावला तर आत्या वॉकर धरून पलंगाशी उभी, पाय लटलटतायत. ओरडलेच मी तिच्यावर. तर म्हणते, "बाथरूमपर्यंत जमतंय का बघत होते गं. उद्या परत विचारतील, तेव्हा तुला हो म्हणता यायला हवं."