तिठ्यावर लेप्टोची गोळी

मृग लागला की आमच्या तिठ्यावरच्या गजाली आंब्यावरून भाताच्या तरव्यावर येतात. यंदा गोळीवर अडकल्या. लावणीच्या तोंडावर लेप्टो, म्हणजे उंदरांपासून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ नये म्हणून आशाताई घरोघर डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या देऊन गेलेली. दाजींनी ती पुडी खिशातून काढून बाकड्यावर आपटली.

"ताप नाय, काय नाय, मगे गोळी कित्याक? गेल्या मंगळवारी घेतलंय, छातीत नुसती आग!"

"उपाशीपोटी घेतलास?" बाबल्याने विचारलं. दाजी गप्प.

ही गोळी भरल्या पोटी, तांब्याभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. चिखलात उतरणाऱ्याने आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम. गरोदर बाईने आणि लहान पोराने डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच. एवढं पुडीवर लिहिलं असतं तर दाजींची छाती वाचली असती.

"आमचे बापजादे अनवाणी लावणी करीत मेले. तेंका खयचो लेप्टो?"

"मेले मा? कशान, ता कोणी बघल्यान?" बाबल्या म्हणाला. "तुझो काको लावणीनंतर ताप येवन, डोळे लाल होवन, काविळीन गेलो."

बाकड्यावर शांतता. काकांना गावठी काविळीचं औषध चाललं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. तो लेप्टोच होता असं आता कोण सांगणार? पण उंदराचा मूत मिसळलेलं पाणी पायाच्या भेगांतून शिरतं, पोटऱ्या ठणकतात, उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडं जातात. काकांच्या दुखण्याशी जुळतंय खरं.

दाजींनी मोर्चा वळवला. "आणि रात्री ताप चढलो तर? दवाखान्याक कुलूप. 108 बोलवा नि गोव्याक बांबोळीच्या हॉस्पिटलात धावा."

यावर बाबल्याने डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण आणलं. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात हा डॉक्टर होता. विंचूदंशाने माणसं पटापट जायची, याने रक्तदाबावरची प्राझोसिनची गोळी देऊन ती वाचवली. 2022 मध्ये पद्मश्री. "सरकारी दवाखान्यातच झाला ता!"

"झाला," दाजी म्हणाले, "कारण डॉक्टर थंय रवत होतो."

याला बाबल्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. लेप्टोच्या तापाला पहिले दोन दिवस फार मोलाचे, आणि आमचे ते डॉक्टरची वाट बघण्यात जातात.

पाऊस वाढला. दाजींनी पुडी उचलून परत खिशात घातली आणि टपरीवाल्याला हाक मारली, "दोन प्लेट भजी टाक रे. भरल्या पोटी म्हणतास मा?"