कुत्र्यानं औषध खाल्लं तर मीठ पाजू नका

‘कुत्र्यानं बागेतलं औषध खाल्लं? तीन चमचे मीठ कोमट पाण्यातून पाजा, उलटी होईपर्यंत देत राहा. मग दूध-तूप. तासाभरात ठीक दिसलं तर डॉक्टर नको. सेंद्रिय खताची काळजीच नको.’ कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवरून फिरत हा मेसेज आमच्या काकूंपर्यंत पोचला आणि त्यांनी तो जपूनही ठेवला. आधी पुसून टाका.

पोह्याचा चमचा सपाट भरला तरी त्यात १५ ते १८ ग्रॅम मीठ बसतं. तीन चमचे म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास. कुत्र्याला किलोमागे ४ ग्रॅम मीठ जीवघेणं, असं मर्क व्हेटरनरी मॅन्युअल हा जनावरांच्या डॉक्टरांचा संदर्भग्रंथ सांगतो. बारा किलोच्या गावठी कुत्र्याला ४८ ग्रॅम झाले! वर पुन्हा ‘देत राहा’. उलटी झाली नाही तर सगळं मीठ अंगात मुरतं, रक्तातलं सोडियम चढतं, मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढलं जातं. कुत्रं थरथरतं, झटके येतात. घरच्यांना वाटतं विष भिनलं, म्हणून ते आणखी एक पेला ओततात.

पहिल्या तास-दोन तासांत पोट रिकामं केलेलं बरं, एवढं मान्य. पण ते डॉक्टरनं, इंजेक्शन देऊन. बाटलीवर ‘क्लोरपायरीफॉस २० ईसी’ असं एखाद्या कीटकनाशकाचं नाव असेल तर त्यात रॉकेलच्या जातीचं द्रावक असतं. उलटी होताना ते फुप्फुसात उतरलं की न्यूमोनिया. झटके येत असतील किंवा शुद्ध नसेल तर उलटी करवायचीच नाही.

दूध-तुपानं विष मरत नाही. चरबीत विरघळणारी औषधं उलट लवकर भिनतात. उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाईड खाल्लं असेल तर काहीच खाऊ घालू नका. खाण्यानं पोटात आम्ल सुटतं आणि फॉस्फिन हा विषारी वायू वाढतो. अशा कुत्र्याला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा, उलटीचा वास घेऊ नका.

‘तासाभरात ठीक’ हेही खोटं. ब्रोमॅडिओलोन या उंदरांच्या विषाचा केक खाल्लेलं कुत्रं दोन-तीन दिवस हुंदडतं, रक्तस्राव मागाहून सुरू होतो. त्यावरचा उतारा, व्हिटॅमिन के१, त्याआधीच सुरू व्हायला हवं. आणि सेंद्रिय? खत म्हणून घातलेली एरंडीची पेंड कुत्री आवडीनं खातात, तिच्यात रिसिन हे विष राहिलेलं असू शकतं. काही तासांनी उलट्या आणि रक्ताची हगवण लागते.

करायचं एवढंच: उरलेलं औषध बाजूला करा, अंगावर सांडलं असेल तर हातमोजे घालून साबणानं धुवा, आणि डबा घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे निघा. लेबल कन्नडमध्ये आहे, वाचता येत नाही, म्हणून डबा घरी ठेवू नका. त्यावर औषधाचं नाव, विषारीपणाचा रंगीत त्रिकोण आणि उतारा छापलेला असतो. निघण्याआधी फोनवर कुत्र्याचं वजन, औषधाचं नाव आणि खाल्ल्याची वेळ सांगा. लाळ गळतेय, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, अंग फडफडतंय, असं असेल तर तेही सांगा. ही क्लोरपायरीफॉससारख्या औषधांची लक्षणं. त्यांवर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन किलोमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम लागतं आणि नेहमीच्या अँप्यूलमध्ये (इंजेक्शनच्या कुपीत) ०.६ मिलिग्रॅम असतं. बारा किलोच्या कुत्र्याला चार ते दहा अँप्यूल लागतील. फोन आधी गेला तर तुम्ही पोचेपर्यंत डॉक्टर ती जमवून ठेवतील.