अण्णाकाका, जपानचा दाखला देऊ नका

मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले, पार्किंगच्या जागेचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर हा वाद विझतो आणि परत पेटतो. परवा पुतण्यानं हप्त्यावर घेतलेल्या एसयूव्हीचा फोटो टाकला. लगेच अण्णाकाकांनी लिहिलं, "लावायला जागा नाही अन् निघाले गाडी घ्यायला. जपानमध्ये चालतं का असं?"

म्हणजे साक्षीदार मी. अकरा वर्षं जपानमधल्या हामामात्सु शहरात राहतोय.

नाही चालत. १९६२ पासून कायदा आहे. माझ्या स्विफ्टसाठी मीही पोलीस ठाण्यात नकाशा काढून दिला, जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असल्याचं दाखवलं. पण अण्णाकाका, तो कायदा झाला तेव्हा टोकियोत भुयारी रेल्वे सुरू होऊन पस्तीस वर्षं होत आली होती. पुण्यात मेट्रो आली २०२२ मध्ये, आणि पुतण्याच्या धायरीत ती अजून पोचलेली नाही. तान्ह्या मुलीला घेऊन त्यानं पावसात टू-व्हीलरवरच जायचं का? खरं तर हामामात्सुतही गाडीशिवाय माझं भागलं नाही. ते मी ग्रुपवर कधी बोललो नाही, आज बोलतो.

२०२२ मध्येच नव्या गाड्यांच्या विक्रीत भारतानं जपानला मागे टाकलं. टाकणारच. जपानमधल्या निम्म्या माणसांचं वय एकोणपन्नासच्या आसपास किंवा पुढे, आपल्याकडे अठ्ठावीसच्या. माझ्या गल्लीतल्या तिघा म्हाताऱ्यांनी लायसन्स परत केलं. आपल्याकडे नवरा-बायको दोघं कमावतात आणि घराण्यातली पहिली गाडी घेतात. बाबांच्या स्कूटरवर आम्ही चौघं असायचो. मी पुढे उभा, ताई मध्ये, आई मागे एका बाजूला बसलेली. मारुती ८०० आली १९८३ मध्ये, पन्नास हजारांच्या आत. आमच्या घरात तिचं नाव कितीतरी वर्षं निघायचं. गाडी काही आली नाही.

अण्णाकाकांच्या बंगल्यात दोन गाड्या आहेत. त्या घेताना त्यांना कुणी दाखला मागितला नव्हता. रस्ते तुंबलेत हे मलाही दिसतं, फुटपाथवर गाड्या चढवणं मलाही सहन होत नाही. पण दाखला मागायचाच तर आधी त्या बिल्डरकडे मागा, ज्यानं चाळीस फ्लॅट विकले आणि खाली पंधरा गाड्यांची जागा ठेवली. तो नकाशा मंजूर करणाऱ्यांकडे मागा. पहिला हप्ता भरणाऱ्या पोराकडे सगळ्यात शेवटी.

एवढं सगळं ग्रुपवर लिहायला घेतलं आणि फोटो पुन्हा उघडला. हार घातलेली गाडी, चाकाखाली लिंबू, आई नारळ घेऊन उभी, भोवती सगळं घर. अण्णाकाकासुद्धा आहेत, मागच्या रांगेत, हातात पेढा. राग खरा त्या फोटोचा होता. त्यात मी नाही.

माझी स्विफ्ट घरी आणली तेव्हा नारळ मिळाला नव्हता. भाड्याच्या जागेत गाडी लावली, बॉनेटवर कुंकवाचं बोट लावलं. मग शेजारच्या आजी बघतील म्हणून रुमालानं पुसून टाकलं.